इनामगावची हाडे आणि अमेरिकेचा वर्णद्वेष

'रेसिझम' या शब्दासाठी मराठीने 'वर्णद्वेष' हा प्रतिशब्द रूढ केला, तेव्हा आपण नकळत कोणती कबुली देत आहोत याची जाणीव तो रूढ करणाऱ्यांना बहुधा नसावी. वर्ण म्हणजे रंग, आणि वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातला वर्णही. दूरदेशीच्या गोऱ्या-काळ्यांच्या भेदाला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा भाषेने शब्द बाहेरून आणला नाही. घरात हजारो वर्षे वापरात असलेला शब्दच तिने पुढे केला. जे भाषेला उमगले, ते ती लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्या आपल्या वर्गाला मात्र अजून उमगलेले दिसत नाही. अमेरिकेतील वर्णद्वेष हा आपल्याकडे नेहमीच 'तिकडचा' विषय राहिला आहे. त्याविषयी बोलताना आपला आवाज चढतो, आपली नैतिकता तेजाळते, आणि आपल्याला त्याची कोणतीही किंमत मोजावी लागत नाही. या फुकटच्या नैतिकतेविरुद्ध हा लेख आहे.

२५ मे २०२० रोजी मिनीॲपोलिस शहरात एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा रोवून त्याचा जीव घेतला. त्यानंतरच्या आठवड्यात मराठी सुशिक्षितांनी समाजमाध्यमांवर काळे चौकोन लावले, अमेरिकेच्या ढोंगी लोकशाहीवर लेख लिहिले. लिहिले त्यात गैर काहीच नव्हते. पण त्याच पंधरवड्यात, आमच्याच पुणे जिल्ह्यात, पिंपळे सौदागर येथे वीस वर्षांच्या एका दलित तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला. कारण प्रेमप्रकरणाचे होते. मुलगी वरच्या मानल्या गेलेल्या जातीची होती. गुन्हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली नोंदवला गेला. त्या तरुणासाठी किती चौकोन काळे झाले? मिनीॲपोलिस पुण्यापासून बारा-तेरा हजार किलोमीटरवर आहे आणि पिंपळे सौदागर शहराच्या वेशीवर. आपली सहानुभूती अंतराच्या व्यस्त नव्हे, सम प्रमाणात वाढते, असा एक विचित्र नियम यातून निघतो.

यावर ठरलेले उत्तर येते : 'जात म्हणजे वंश नव्हे. दोन्हींची गल्लत करू नका.' हे उत्तर देणारे लोक अडाणी नसतात. त्यांत प्राध्यापक असतात, संपादक असतात, समाजशास्त्र वाचलेले असतात. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतील दर्बान येथे वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा भारत सरकारनेही हीच भूमिका घेतली आणि जातीचा प्रश्न परिषदेच्या विषयपत्रिकेत येऊ नये म्हणून आपले सारे बळ खर्ची घातले. तेव्हा या उत्तराचा नीट समाचार घ्यायला हवा. आणि तो घेण्यासाठी मला अमेरिकेपेक्षा इनामगाव अधिक सोयीचे वाटते.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेले हे गाव पुरातत्त्वाच्या जगात कितीतरी मोठ्या शहरांपेक्षा प्रसिद्ध आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊ शतकांत येथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती. घरे, चुली, कणग्या, धान्याचे कोठार, पाण्याचा पाट, सारे सापडले. आणि अडीचशेहून अधिक दफने सापडली. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेले, तेही बहुधा घराच्या जमिनीखाली. मोठ्या माणसांना जमिनीत आडवे ठेवलेले, आणि त्यांचे पाय घोट्याच्या वरून तोडलेले. मेलेल्याने उठून चालू लागू नये, घर सोडून जाऊ नये, म्हणून हे केले असावे, असा पुरातत्त्वज्ञांचा तर्क आहे.

या हाडांचा अभ्यास अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९८६ साली निघाला. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची. ही माणसे काय खात होती? दात किती किडले, किती झिजले? मुलांची वाढ कुठे खुंटली? उपासमारीच्या, आजाराच्या खुणा दातांच्या लुकणावर कुठे उमटल्या? हाड हे येथे जगण्याचा दाखला म्हणून वाचले गेले, कुळाचा दाखला म्हणून नव्हे. आज आपल्याला हे स्वाभाविक वाटते. पण याच विद्येचा त्याआधीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास नेमका उलट्या प्रश्नाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात अमेरिका, जर्मनी आणि पुणे एकमेकांच्या शेजारी बसलेली आहेत.

फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल जॉर्ज मॉर्टन या वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेकडो मानवी कवट्या जमवल्या. कवटीत आधी मोहरीचे दाणे आणि पुढे शिशाचे छर्रे भरून तो मेंदूचे आकारमान मोजी. गोऱ्यांची कवटी सर्वांत मोठी, काळ्यांची सर्वांत लहान, असा निष्कर्ष त्याने काढला आणि गुलामगिरीच्या समर्थकांच्या हाती 'शास्त्र' आले. स्टीफन जे गूल्डने १९८१ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या मोजणीची चिकित्सा केली, ती साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावी अशी आहे. मॉर्टनच्या संग्रहाबद्दल पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाला २०२१ साली जाहीर माफी मागावी लागली, आणि फिलाडेल्फियातील एकोणीस कृष्णवर्णीयांच्या कवट्यांना २०२४ साली माती मिळाली. ज्या शहरात आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या, त्याच शहरातली ही गोष्ट.

कवटीवरून नाकावर यायला वेळ लागला नाही. आपल्याकडे हर्बर्ट रिस्ले हा सनदी अधिकारी नाकाच्या रुंदीचे लांबीशी प्रमाण काढून जातींची उतरंड लावत होता. १९०१ची जनगणना त्याच्याच देखरेखीखाली झाली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, हा त्याचा सिद्धान्त. अमेरिकेत काळ्या माणसाला मापणारी फूटपट्टी आणि हिंदुस्थानात शूद्राला मापणारी फूटपट्टी एकाच कारखान्यात तयार झाली होती.

बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर हा मानववंशशास्त्राच्या संस्थेचा प्रमुख होता. जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांवर 'संशोधन' करून तो नावारूपाला आला होता. त्याच्या हाताखाली १९२०च्या दशकाच्या अखेरीस पुण्याची एक तरुणी डॉक्टरेटसाठी काम करीत होती : इरावती कर्वे. गोऱ्यांची कवटी विशिष्ट प्रकारे विषम असते आणि त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे मूळ त्यात असते, हे गृहीतक तपासायचे होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि कवटीच्या विषमतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही, असे लिहून दिले. मार्गदर्शकाला नको असलेला निष्कर्ष, तोही परक्या देशात, परक्या भाषेत, एकटीने. मराठी बुद्धिजीवनातला हा एक फार मोठा क्षण आहे, आणि आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांतून इरावतीबाईंचे ललित निबंध वाचणाऱ्या पिढ्यांना तो ठाऊकच नसतो.

पण गोष्ट येथे संपली असती तर आपल्याला पाठ थोपटून घेता आली असती. बर्लिनहून परतल्यावर इरावतीबाईंनी मोजपट्टी खाली ठेवली नाही. महाराष्ट्रातील जातीजातींची डोकी, नाके, उंची त्यांनी मोजली, वि. म. दांडेकरांबरोबरचे त्यांचे पुस्तक १९५१चे आहे. हेतू रिस्लेचा नव्हता. जात म्हणजे एकाच समाजाचे पडलेले तुकडे नव्हेत, तर अनेक वेगवेगळे समूह शेजारी शेजारी येऊन बसले आहेत, हे त्यांना दाखवायचे होते. तरीही उपकरण तेच होते. गुजरातेतील लांघणज येथे मिळालेल्या प्रागैतिहासिक सांगाड्यांत सांकलिया आणि कर्वे यांनी १९४०च्या दशकात आफ्रिकी वंशाची लक्षणे शोधली. त्याच लांघणजच्या हाडांचा सविस्तर अहवाल डेक्कन कॉलेजने १९६५ साली प्रसिद्ध केला, त्याच्या दोन लेखकांपैकी एक होत्या ट्युबिंगेनच्या सोफी एर्हार्ट. या बाई नाझी राजवटीत रॉबर्ट रिटरच्या वंशशुद्धीच्या संशोधनकेंद्रात काम करीत होत्या. सिंती आणि रोमा या भटक्या जमातींच्या माणसांना मोजून त्यांचे वर्गीकरण करणे हे त्या केंद्राचे काम, आणि त्या जमातींचे पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. मोजणाऱ्या हातांनी पुण्याच्या संस्थेसाठीही मोजले. कोणाला त्यात काही खटकले असल्याची खूण त्या अहवालाच्या जन्मकथेत दिसत नाही. याच अहवालाचे दुसरे लेखक, अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ केनेथ केनेडी, यांनी मात्र पुढील आयुष्यात सांगाड्यांवरून 'आर्य' ओळखता येतात या कल्पनेवरच कठोर टीका केली. विद्या सुधारू शकते, हे सांगायला मला आनंद वाटतो. ती आपोआप सुधारत नाही, एवढेच.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. जात म्हणजे वंश नव्हे, हे शंभर टक्के खरे आहे. ते सर्वांत ठामपणे कोणी सांगितले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३६च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांत वंशाचे कोणते नाते आहे, असा प्रश्न टाकून जातीच्या वांशिक उपपत्तीच्या चिंधड्या केल्या. १९४८च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर त्यांनी नाकांच्या मापांचे आकडेच शास्त्र्यांच्या अंगावर फेकले : तुमच्याच मोजणीप्रमाणे ब्राह्मण आणि अस्पृश्य एका वंशाचे ठरतात. पण बाबासाहेबांनी हे कशासाठी सांगितले आणि आमचे विद्वान ते कशासाठी सांगतात, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बाबासाहेबांचा युक्तिवाद असा : जातीला निसर्गाचा आधार नाही, म्हणून ती मोडता येते. आमचा युक्तिवाद असा : जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून तिची तक्रार बाहेर नेता येत नाही. एकाच वाक्यातून एकाने दार उघडले, दुसऱ्याने कडी लावली.

शिवाय या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : अमेरिकेतला 'वंश' तरी खरोखरचा वंश आहे. तोही नाही. ज्या माणसाच्या रक्तात एक थेंब आफ्रिकी पूर्वजाचा आहे तो काळा, हा अमेरिकेचा नियम; व्हर्जिनिया राज्याने १९२४ साली तो कायद्यातच बसवला. दिसायला पूर्ण गोरा माणूस या नियमाने काळा ठरे आणि गोऱ्या स्त्रीशी लग्न केल्यास गुन्हेगार ठरे. हे कायदे १९६७पर्यंत टिकले. एक थेंब पाण्याचा कुंभ विटाळतो, हे गणित जीवशास्त्राचे आहे की विटाळाचे? मराठी वाचकाला ते समजावून सांगावे लागू नये. जात वंशासारखी आहे असे मी म्हणत नाही. अमेरिकेतला वंशच जातीसारखा वागतो, असे म्हणतो. इझाबेल विल्करसन या कृष्णवर्णीय लेखिकेने २०२० साली आपल्या देशावरच्या ग्रंथाला 'कास्ट' हेच नाव दिले. तिला दिसले ते आम्हाला दिसू नये?

इनामगावकडे पुन्हा पाहा. तेथील मोठ्या माणसांचे पाय तोडून पुरले, असे वर म्हटले. पण एका दफनात पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात, सुमारे चाळीस वर्षांचा एक पुरुष बसलेल्या स्थितीत सापडला, आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा, असे पुरातत्त्वज्ञ म्हणतात. त्याच्या हाडांत आणि इतरांच्या हाडांत 'प्रमुखपणा'चा कोणताही फरक सापडलेला नाही. फरक होता तो जिवंतांनी त्या हाडांना दिलेल्या वागणुकीत. इनामगावात जात होती असे म्हणण्याला कसलाही आधार नाही, आणि मी तसे म्हणत नाही. पण उच्चनीचता कोठे राहते, या प्रश्नाचे उत्तर या एका रांजणात आहे. ती हाडांत राहत नाही.

आणि जनुकांत? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने दाखवले, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या उपखंडातील भिन्न भिन्न लोकसमूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते. ही मिसळण पुढे थांबली आणि आपापल्यातच लग्ने करण्याची रीत घट्ट झाली. इनामगावची वस्ती नांदत होती तो काळ या मिसळणीच्या काळात पडतो. शुद्ध रक्ताच्या गप्पा मारणाऱ्यांचे पूर्वज बिनदिक्कत मिसळत होते. शुद्धी नंतर आली. तीही हाडामांसात नव्हे, नियमात.

आता अमेरिकेतल्या मराठी माणसाविषयी. काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीत एका नातेवाइकाकडे मी दोन महिने राहिलो. माणसे प्रेमळ, पाहुणचार सढळ, घरात कोपऱ्यात गणपती आणि कपाटात पु.ल. संध्याकाळी फिरायला निघालो की सूचना मिळे, "काका, पुलाच्या पलीकडे नका जाऊ, तिकडे सगळी काळ्यांची वस्ती आहे." घर घेताना 'चांगली शाळा' पाहिली, असे सांगितले जाई, आणि चांगली शाळा म्हणजे जिच्यात 'ते' कमी आहेत अशी शाळा, हे दोन दिवसांत कळे. १९३०च्या दशकात अमेरिकी सरकारच्याच एका महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवून कृष्णवर्णीय वस्त्यांभोवती लाल रेघ ओढली होती, त्यांना गृहकर्ज मिळू नये म्हणून. ती रेघ माझ्या नातेवाइकांनी ओढलेली नव्हती. पण ती कुठून जाते हे त्यांना कोणी न शिकवता ठाऊक होते. गावकूस ओळखायची सवय घरूनच गेली होती.

एके दिवशी त्याच घरातल्या गृहस्थांना दुकानात एका वृद्ध गोऱ्या माणसाने 'आपल्या देशात परत जा' असे सुनावले. ते दुखावले, आणि ते साहजिक होते. रात्री जेवताना म्हणाले, "आपण शिकलेली, कर भरणारी माणसं. आपण त्यांच्यासारखे नाही, एवढं यांना कळू नये?" हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्यांची तक्रार भेद केला याबद्दल नव्हती. भेद करताना आपल्याला चुकीच्या बाजूला टाकले, याबद्दल होती.

ही तक्रार नवीन नाही. १९२३ साली भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थाचा नागरिकत्वाचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. स्वीकृत नागरिकत्व गोरे आणि आफ्रिकी वंशाचे लोक यांच्यासाठीच राखीव होते. हे राखीवपण अन्याय्य आहे, असे थिंदच्या बाजूने म्हटले गेले नाही. म्हटले गेले ते असे, की उच्च जातीचा हिंदू हा आर्य असतो. आणि अमेरिकी माणूस काळ्याशी लग्नसंबंधाकडे ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने तो खालच्या मूळनिवासींकडे पाहतो. म्हणजे जातिद्वेष हाच गोरेपणाचा पुरावा म्हणून हजर केला गेला. न्यायालयाने तो फेटाळला : सामान्य माणसाच्या समजुतीत तू गोरा नाहीस. यातली विदारक गंमत अशी, की भारतीयांसाठी अमेरिकेचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५च्या स्थलांतर कायद्याने, आणि त्या कायद्याला वातावरण मिळाले ते कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने. आर्यत्वाने जे मिळाले नाही ते मार खाणाऱ्या काळ्या माणसांनी मिळवून दिले. त्यांच्याच वस्तीला 'पुलाच्या पलीकडे' म्हणायचे?

देशातही काही वेगळे नाही. पुण्यात शिकायला येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना घर भाड्याने मिळवताना काय ऐकावे लागते ते त्यांनाच विचारावे. आपण 'हबशी' हा शब्द कुरूपतेसाठी वापरतो. मलिक अंबर हा हबशी होता; इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याची जमीनमहसुलाची पद्धत, मोगलांविरुद्धचा त्याचा गनिमी कावा, त्याच्या पदरी असलेले मराठे सरदार, हे सारे इतिहासाच्या पुस्तकात आदराने शिकवायचे आणि त्याच्या जमातीचे नाव शिवी म्हणून ठेवायचे, हे मराठीलाच जमते. 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली नाव बदलले. आपल्या वधूवरांच्या जाहिरातींनी 'गोरी' हा शब्द बदलला नाही, आणि त्याच्या अगोदर छापली जाणारी पोटजात तर नाहीच नाही.

साहित्याच्या क्षेत्रातल्या आपल्या लोकांना मला खास विचारायचे आहे. अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी मराठीचे नाते कोणी जोडले? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील ज्या लोकांनी गुलामगिरी नष्ट केली त्यांना अर्पण केली. पंडिता रमाबाईंनी १८८९च्या आपल्या अमेरिकेवरील पुस्तकात त्या देशाचे मनापासून कौतुक केले, पण तेथील वर्णद्वेष पाहून डोळे मिटले नाहीत. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. दुबॉय यांना पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, आणि दुबॉय यांनी आस्थेने उत्तर दिले. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने ब्लॅक पँथरचे नाव उचलून दलित पँथर उभी केली. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठीला ओळख करून दिली. हे सगळे नाते ज्यांनी जोडले त्यांना अमेरिकेचा वर्णद्वेष 'तिकडचा' वाटला नव्हता. ज्यांना तो तिकडचा वाटतो त्यांची परंपरा दुसरी आहे. ती उत्तर ध्रुवावर आर्यांचे मूळ घर शोधत होती.

आणि आपल्या विद्यापीठांनी काय केले? टोनी मॉरिसन इंग्रजी विभागात, बाबुराव बागूल मराठी विभागात. मध्ये भिंत. इंग्रजीचा विद्यार्थी नेला लार्सनची १९२९ सालची 'पासिंग' वाचतो, गोरी म्हणून खपणाऱ्या काळ्या स्त्रीची कथा. त्याला बागुलांची १९६३ सालची 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचायला कोणी सांगत नाही. मराठीच्या विद्यार्थ्याची गत उलटी. दोन्ही कथांत माणूस आपली ओळख लपवून जगतो आणि ती उघड होण्याच्या भीतीने पोखरला जातो. या दोन पुस्तकांना एका टेबलावर ठेवले की अभ्यासक्रमात राजकारण आणल्याचा आरोप होतो. त्यांना वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवणे हेही राजकारणच आहे, असे मात्र कोणी म्हणत नाही.

मी याच परिसरात महाविद्यालयात शिकवतो. वर्गात इनामगावची, मांडवगणची, न्हावऱ्याची मुले असतात. एकदा 'बिलव्हेड' शिकवताना एका मुलाने विचारले, "सर, त्यांना रंगावरून ओळखतात. आपल्याला कशावरून ओळखतात?" मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून आवाज आला, "आडनावावरून." कोणी हसले नाही. समीक्षेचे दहा ग्रंथ जे सांगत नाहीत ते त्या दोन वाक्यांत सांगून झाले होते : भेदही आणि साम्यही.

भेद आहेतच, आणि ते पुसू नयेत. अमेरिकेत गुलामांची खरेदी-विक्री झाली, माणसे जहाजात कोंबून आणली. जातीला धर्मग्रंथाची संमती आहे आणि पायरीच्या प्रत्येक दगडाखाली आणखी एक दगड आहे. तिकडे रंग लपत नाही, इकडे गाव सोडले आणि नाव बदलले तर काही काळ जात लपते. तुलना म्हणजे एकीकरण नव्हे. पण तुलनाच नको म्हणणाऱ्याला भेदांची काळजी नसते. त्याला आरशाची भीती असते. २०२३ साली सिॲटल नगरपालिकेने जातिभेदाला बंदी घातली, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसा कायदा संमत केला आणि राज्यपालाने तो नाकारला. त्या कायद्याला सर्वांत कडवा विरोध गोऱ्यांनी केला नाही, तो आपल्या लोकांनी केला. वर्णद्वेषाने आपण पोळलो असे सांगणाऱ्यांना जातिद्वेषाविरुद्धचा कायदा मात्र 'हिंदूंची बदनामी' वाटला.

याच शिरूर तालुक्यात भीमा कोरेगाव आहे. १ जानेवारी १८१८च्या लढाईचा स्तंभ तेथे आहे, १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले होते, आणि १ जानेवारी २०१८ रोजी तेथे अभिवादनाला जमलेल्या माणसांवर दगड पडले. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, चांगले केले. पण वस्तीचे नाव समतानगर झाल्याने ती गावाच्या एका पावलानेही जवळ येत नाही.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे. अमेरिकेच्या वर्णद्वेषावर जरूर लिहा, पेपर वाचा, परिसंवाद भरवा. फक्त प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी आपल्या तालुक्यातले एक पुस्तक, एक बातमी, एक वस्ती ठेवा. मॉरिसनच्या शेजारी बागूल, विल्करसनच्या शेजारी आंबेडकर, लाल रेघेच्या नकाशाशेजारी आपल्या गावाचा नकाशा. ज्याला हे अवघड वाटेल त्याने आपली सहानुभूती तपासून घ्यावी. तीन हजार वर्षांपूर्वी घोडेच्या काठी मेलेल्या माणसांचे पाय, ती घर सोडून जाऊ नयेत म्हणून, तोडले गेले. जिवंत माणसे वस्ती सोडून आत येऊ नयेत म्हणून आपण आजही काय काय तोडतो, याचा हिशेब आपल्यालाच करायचा आहे. त्यासाठी कोणी ओरेगॉनहून येणार नाही.